दाराशीं कोण उभें आहे?

शास्त्रपाठ : मार्क १०:१३–१६



वर नेमिलेला पाठ आपल्या मंडळ्यांत फार परिचयाचा आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं तो वाचण्यांत येतो. शब्बाथशाळेच्या भिंतीवर त्याचें चित्र टांगलेलें असतें, आणि त्या चित्रांत प्रभु हंसतमुखानें मुलांस जवळ घेऊन बसलेला दिसतो. परंतु मार्कानें जें लिहून ठेविलें आहे त्याच्या आरंभीं हास्य नाहीं, राग आहे. हीच गोष्ट मत्तयानें व लूकानेंहि सांगितली आहे. पण प्रभूला राग आला हें एकट्या मार्कानेंच नमूद केलें. तो राग कोणावर? परूश्यांवर नव्हे, रोमी शिपायांवर नव्हे, मुलांस घेऊन आलेल्या माणसांवर तर नव्हेच. तो शिष्यांवर होता. मुलें येत होतीं. त्यांचीं माणसें त्यांस घेऊन येत होतीं. आणि ज्यांनीं दार उघडावयाचें तेच दाराशीं आडवे उभे राहिले होते.

शिष्य दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्याजवळ कारणें असतील. मार्क तीं सांगत नाहीं, पण तीं आपणांस ओळखतां येतात. गुरु थकलेला आहे. मोठ्या माणसांशीं मोठ्या विषयावर बोलणें चाललें आहे. मुलांस त्यांतलें काय कळणार. तीं गलबला करतील, धुळीच्या पायांनीं आंत येतील. अशीं कारणें भल्या माणसांनाच सुचतात, आणि म्हणूनच हा पाठ आपल्यासाठीं आहे.

आज तो हातीं घेण्यास एक निमित्त आहे. दिवाळी होऊन गेली, भातकापणी उरकली. रायगड, ठाणें व पालघर जिल्ह्यांतील डोंगरांच्या पायथ्याशीं ज्या कातकरी वाड्या आहेत, तेथें या दिवसांत ट्रक व टेंपो येऊन उभे राहतात. भांडीं, गोधड्या, कोंबड्या आणि लेंकरें त्यांत चढतात, झोंपडीच्या तोंडाला झांप लागते, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. तीं परत येतात तीं पावसाच्या तोंडावर. शाळा जूनांत भरते आणि एप्रिलाच्या अखेरीस वार्षिक परीक्षा होते. म्हणजे दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हां हजेरीपटावर या मुलांचीं नांवें असतात, पण मुलें नसतात. जूनांत शिकलेली बाराखडी मे महिन्यापर्यंत विटांच्या धुळींत पुसून जाते. पुढच्या जूनांत मूल पुन्हां पहिल्या पाटीशीं येऊन बसतें; एखादें वर्ष बसतें, दुसरें वर्ष बसतें, आणि मग तें येईनासें होतें.

कातकरी हे आपल्या शेजारचेच लोक. खैराच्या झाडापासून कात काढणें हा त्यांचा जुना धंदा, आणि नांवहि त्यावरूनच पडलें. १८७८ च्या जंगल-कायद्यानें रानें राखीव होत गेलीं, खैर तोडण्यावर बंधनें आलीं, आणि धंदा हातचा गेला. जमीन त्यांच्या नांवें बहुधा नाहींच. मग कोळसा पाडावा, मासे धरावे, दुसऱ्याच्या बांधावर राबावें, विटा थापाव्या, असा त्यांचा संसार झाला. १९७५ सालीं भारत सरकारनें अतिशय मागें राहिलेल्या आदिम जमाती निवडण्यास आरंभ केला. महाराष्ट्रांत अशा तीन जमाती आहेत : कातकरी, कोलाम व माडिया गोंड. २०११ च्या खानेसुमारींत या राज्यांतील कातकऱ्यांची संख्या सुमारें २ लक्ष ८५ हजार भरली. त्याच खानेसुमारीप्रमाणें राज्यांतील सर्व लोकांत शंभरांत ८२ साक्षर होते, आणि आदिवासींत शंभरांत सुमारें ६६. कातकरी त्या ६६ च्याहि पुष्कळ खालीं राहिलेले आहेत.

असें कां, म्हणून कोणास विचारिलें तर एक उत्तर तयार असतें : “त्यांनाच शिकावयाचें नाहीं.” शहाणेंसुरतें माणूस हें उत्तर देतें. शिक्षक देतात, शेतकरी देतात, आणि बंधूंनो, आपल्या प्रार्थनेच्या बैठकींतहि तें ऐकूं येतें. हें उत्तर नवें नाहीं. निर्गमाच्या पांचव्या अध्यायांत विटा पाडणारे एक लोक आहेत. त्यांना भुसा देणें बंद झालें, पण विटांची गणती कमी झाली नाहीं. ती भरेना म्हणून त्यांच्या पुढाऱ्यांस मार बसला. ते गाऱ्हाणें घेऊन राजवाड्यावर गेले. तेव्हां फारोनें काय निदान केलें? हे लोक आळशी आहेत, एवढेंच. भुसा मात्र त्यानें दिला नाहीं. जेव्हां जेव्हां आपण एखाद्या लोकांविषयीं म्हणतों कीं त्यांना शिकावयाचेंच नाहीं, तेव्हां तेव्हां आपण विटा मोजतों व भुशाविषयीं बोलत नाहीं. तर आज आपण भुशाविषयीं बोलूं.

पहिली गोष्ट उचलीची. पावसाळ्यांत कातकऱ्याच्या घरीं धान्य संपतें; आजार येतो, लग्न येतें, चूल तर रोजचीच आहे. अशा वेळीं मुकादम किंवा भट्टीचा शेठ हातावर पैसे ठेवितो. ती उचल. ती घेतली म्हणजे पुढच्या हंगामाचे हात विकले गेले. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, तिच्यांत पोट जेमतेम भरतें. विटांचा हिशेब हजारीं होतो, म्हणून घरांतील जितके हात अधिक तितकें कर्ज लौकर फिटेल अशी आशा. बाप गारा तुडवितो, आई गोळे करिते, आठ वर्षांचा मुलगा ओल्या विटा उलटून वाळत घालतो. हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो आणि पुष्कळदां कांहीं बाकी निघते. ती बाकी पुढच्या वर्षाची पहिली उचल. या मुलाला शाळेंत जावयाचें नाहीं असें कोण म्हणेल? तो सावकाराच्या वहींत लिहिला गेला आहे. शाळेच्या वहींत त्याला लिहावयाचा तर तेथलें नांव आधीं खोडावें लागेल.

नहेम्याच्या पांचव्या अध्यायांत यरुशलेमचे लोक असाच आक्रोश करितात. दुष्काळासाठीं व राजाच्या करासाठीं शेतें गहाण पडलीं, आणि आतां पुत्र व कन्या दास्यांत जात आहेत. घेणारे परके नव्हते. त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या रागावला, पण त्यानें प्रथम स्वतःशीं विचार केला, मग सरदारांस बोलाविलें आणि मोठी सभा भरविली. त्यानें “मुलांनो, शिका” असें प्रवचन केलें नाहीं. शेतें परत करा, घेतलेलें परत करा, असें तो म्हणाला. १९७६ च्या कायद्यानें आपल्या देशांत वेठबिगारी बंद झाली आहे, आणि माणसाला बांधून ठेवणारें कर्ज फेडण्याचें बंधन त्या कायद्यानें नाहींसें केलें आहे. हें आपल्या किती मंडळ्यांत ठाऊक आहे? किती धर्मशिक्षकांनीं तें वाडीवर वाचून दाखविलें आहे?

दुसरी गोष्ट कडेवरच्या मुलाची. आई गाऱ्यांत उभी असतां तान्हें कोण धरील? सात-आठ वर्षांची मुलगी धरिते. तिला शाळा जवळ असली, गुरुजी प्रेमळ असले, पुस्तकें फुकट मिळालीं, तरी ती जाऊं शकत नाहीं, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. भावाला घेऊन ती शाळेच्या दाराशीं आली तर “त्याला घरीं ठेवून ये” असें सांगण्यांत येतें. तिचें घर म्हणजे कच्च्या विटांचा भोंगा, आणि त्यांत दिवसां कोणी नसतें.

तिसरी गोष्ट भाषेची. कातकऱ्यांची बोली निराळी आहे. पुस्तकांतील मराठी त्या मुलाला अर्धीमुर्धी कळते. गुरुजी विचारतात, मूल गप्प राहतें; गुरुजी त्याला मठ्ठ समजतात; चारचौघांत हंसें होतें; दुसऱ्या दिवशीं मूल रानांत खेकडे धरावयास जातें, आणि तेथें तें मठ्ठ नसतें. कोणत्या दगडाखालीं काय आहे हें त्याला ठाऊक असतें, पावसाचा वास त्याला आपल्या आधीं येतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत एज्रा शास्त्री नियमशास्त्राचें पुस्तक लोकांपुढें उघडतो. तेव्हां लेवी लोकांमध्यें फिरून वाचलेल्याचा अर्थ उलगडून सांगतात. लोक समजले नाहींत तर दोष लोकांचा, असें तेथें कोणी धरिलें नाहीं. समजावून देणें हें वाचणाराचें काम होतें.

चौथी गोष्ट कागदाची. मूल मोठ्या कष्टानें दहावीपर्यंत पोंचलें तरी पुढें शिष्यवृत्ति व वसतिगृह यांसाठीं जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० या तारखेपूर्वीं आपलें कुटुंब या राज्यांत राहत होतें असा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याजवळ जमीन नव्हती, ज्याचें नांव कोणत्या शाळेंत नव्हतें, जो कोळशामागें डोंगरोडोंगर फिरला, त्यानें तो कागद कोठून आणावा? आजा शाळेंत गेला नाहीं म्हणून नातवाची शाळा अडावी, असें हें कोडें आहे. चौकशी करून दाखला देण्याची वाट कायद्यांत आहे. पण ती वाट कचेरींतून जाते, आणि कचेरीची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी.

पांचवी गोष्ट आश्रमशाळेची. सरकारनें आदिवासी मुलांसाठीं आश्रमशाळा काढल्या आहेत, त्यांतून पुष्कळ मुलें शिकून वर आलीं, हें आम्ही कृतज्ञतेनें सांगतों. परंतु सहा वर्षांचें लेंकरूं दूर परगांवीं ठेवावयाचें, रात्रीं त्याला ताप आला तर कोण उठेल हें ठाऊक नाहीं, अशा वेळीं कातकरी आईचें पाऊल अडतें. तिला अडाणी म्हणण्यापूर्वीं आपण आपापल्या लेंकरांकडे एकदां पाहावें. फारो एकदां मोशेला म्हणाला होता कीं पुरुष मंडळींनीं जावें. मोशेचें म्हणणें होतें कीं आम्ही जाऊं तर मुलाबाळांसह जाऊं. आईबापांनीं लेंकरांस बरोबर ठेवावें ही इच्छा शास्त्रांत कोठें निंदिलेली नाहीं.

आणि शेवटची गोष्ट नजरेची. गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय वाडीवर. शाळेंत पेन्सिल हरवली कीं पहिली झडती कातकऱ्याच्या मुलाची. जेवावयाच्या पंगतींत त्याच्या शेजारची जागा मोकळी. यासाठीं कोणताहि कायदा करावा लागत नाहीं आणि कोणताहि कायदा याला पुरा पडत नाहीं.

बंधूंनो, इतकें सारें वाचून कोणी म्हणेल कीं यांत मुकादम, शेठ, गुरुजी, कचेरी हे सारे दाराशीं उभे आहेत. आमचा काय संबंध? म्हणून आम्ही स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती सांगण्यास आम्हांस लाज वाटते, पण न सांगितल्यास हें सारें प्रवचन खोटें होईल.

आमच्या प्रार्थनामंदिराच्या वाटेवर ओढ्याकांठीं एक वीटभट्टी लागत असे. दर आदितवारीं आम्ही शुभ्र कपडे घालून तिच्यावरून जात होतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका आदितवारीं सकाळीं शब्बाथशाळा भरली असतां तीन मुलें दाराशीं येऊन उभीं राहिलीं. एक मुलगी, तिच्या कडेवर तान्हें, आणि तिच्या परकराला धरून एक लहान मुलगा. त्यांच्या पायांवर गारा सुकून पांढरा झाला होता. आंत मुलें गात होतीं, तें ऐकून तीं आलीं असावीं. आमच्यांतील एका वडील माणसानें त्यांस गोड शब्दांत सांगितलें कीं आज बक्षिसांचा दिवस आहे, गर्दी आहे, तुम्ही पुढल्या आदितवारीं पाय धुऊन या. त्यांस कोणी हांकलून दिलें नाहीं. कोणी वाईट शब्द बोललें नाहीं. मुलीनें एकदां आंत पाहिलें आणि तीं गेलीं. त्या माणसाचें नांव आम्ही देत नाहीं, कारण त्या दिवशीं आम्हीहि तेथें होतों, आम्हीं तें ऐकिलें, आणि आम्ही जागेवरून उठलों नाहीं.

पुढल्या आदितवारीं तीं आलीं नाहींत. त्याच्या पुढल्या आदितवारींहि नाहीं. आमच्या मनास तें लागलें होतें, पण लागलेल्या मनानें मनुष्य किती दिवस बसून राहतो हें आपण जाणतां. आम्ही भट्टीवर गेलों तेव्हां वळवाचा पाऊस पडून गेला होता. भट्टी थंड होती, भोंगे मोडलेले होते. माणसें कोणत्या गांवचीं होतीं हें राखणदारासहि सांगतां येईना. आम्हीं त्या मुलीचें नांवहि विचारिलें नव्हतें. परत येऊन शब्बाथशाळेच्या भिंतीकडे पाहिलें तों तें चित्र तेथें होतेंच. त्या दिवसापासून तें चित्र पाहतांना आमची दृष्टि प्रभूच्या मुखाकडे जात नाहीं. चित्रकारानें कडेला अंधारांत जे शिष्य काढले आहेत त्यांच्याकडे जाते.

आणि आपण कोणाचे नातू आहों? आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे अशाच एका दाराबाहेर उभे होते. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत आपणांस घ्यावें म्हणून अर्ज केला. त्याचें मागणें न्यायाचें नाहीं असें मुंबई सरकार म्हणालें नाहीं. परंतु त्या एकाला घेतलें तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील, असें कारण देऊन त्याला बाहेरच ठेविलें. त्याच काळांत पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा चालविल्या, मिशनच्या शाळांनींहि दार उघडलें, आणि त्या दारांतून आपले वडील आंत आले. आज आपण वाचतों, लिहितों, हें पत्र हातीं धरितों, तें त्यामुळें. ज्याला बाहेर उभें राहण्याचें दुःख घरच्या गोष्टींतून ठाऊक आहे, त्यानेंच दाराशीं आडवें उभें राहावें, याहून मोठें विस्मरण कोणतें?

आतां दार उघडतें कसें, याचाहि एक दाखला आपल्या मुलखांत आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांतला नाहीं म्हणून तो आम्ही अधिक नम्रतेनें सांगतों. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें १९५७ च्या सुमारास तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. भोंवतीं वारल्यांचे पाडे. मुलें शाळेंत येत ना. या बायांनीं मुलांस दोष दिला नाहीं. मुलें कोठें आहेत हें त्या पाहावयास गेल्या. मुलें कुरणांत गुरें राखीत होतीं. म्हणून त्यांनीं कुरणांतच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणतात. मोठ्या मुलीच्या कडेवर भावंड होतें. म्हणून त्यांनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखालीं आणिल्या, म्हणजे बहिणीनें भावाला घेऊन यावें आणि तिनें शिकत असतां तो जवळच खेळावा. विकत आणलेलीं साधनें परवडत ना. म्हणून बिया, पानें, खडे व शिंपले घेऊन त्यांनीं मोजणें शिकविलें. मुलें स्वच्छ नव्हतीं. म्हणून आंघोळ हाच शाळेचा पहिला धडा झाला. आम्हीं म्हटलें होतें, पाय धुऊन या. त्यांनीं पाय धुतले. प्रभूनें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं शिष्यांचे पाय धुतले, हें वाचून आम्ही दरवर्षीं सद्गदित होतों. पण त्या सकाळीं ओसरीवर पाण्याचा घडा भरलेला होता, आणि आम्हांस तें सुचलें नाहीं.

ठाणें जिल्ह्यांत पुढें वीटभट्ट्यांवरहि कार्यकर्त्यांनीं शाळा काढल्या. मजुरांच्या भोंग्यावरून त्यांस भोंगाशाळा हें नांव पडलें. म्हणजे हें अशक्य नाहीं. जेथें कोणी उठून गेलें तेथें झालेलें आहे.

तर धर्मशिक्षक बंधूंनो, आणि घरांतील भगिनींनो, या हंगामांत आपण काय करूं शकतों तें थोडक्यांत लिहितों.

आपल्या गांवाजवळ भट्टी असेल तर या आठवड्यांत तेथें जा. मुलें मोजा, त्यांचीं नांवें विचारा, कोणत्या गांवचीं व कितव्या इयत्तेंतलीं तें लिहून घ्या. मग ती यादी घेऊन जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत जा. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्यानें हा हक्क दिला आहे. वयाचा दाखला नाहीं म्हणून शाळेला मूल परत पाठवितां येत नाहीं. जुन्या शाळेचा दाखला यावयाचा राहिला आहे म्हणून थांबवितां येत नाहीं. मागें राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गांत बसवून विशेष शिकवावयाचें आहे. स्थलांतर करून आलेल्या मुलांस शाळेंत घेणें हें स्थानिक संस्थेचें कर्तव्य म्हणून त्यांत लिहिलेलें आहे. मुलाला मारणें त्या कायद्यानें मना आहे. या गोष्टी नम्रपणें पण स्पष्ट सांगा.

आपल्या जवळ वाडी असेल तर ट्रक येण्यापूर्वीं जा. आजीजवळ राहूं शकेल असें एखादें मूल असेल, तर हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय मुख्याध्यापकांस विचारून मागा. जें मूल जाणारच त्याला शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या, म्हणजे दुसऱ्या गांवच्या शाळेंत त्याची ओळख राहील.

भगिनींनो, ज्या मुलीच्या कडेवर भाऊ आहे तिच्यासाठीं सकाळचे तीन तास आपल्या ओसरीवर तें तान्हें सांभाळणें हें काम कोणत्याहि सभेच्या ठरावाहून मोठें आहे. गांवच्या अंगणवाडीच्या बाईंशीं बोला. त्या मदत करितील.

आपल्या मंडळींत कोणाची भट्टी असेल, कोणी मुकादमी करीत असेल, तर त्या बंधूंशीं आपण नहेम्याप्रमाणें उघड व प्रेमानें बोलावें. त्याच्या वहींत कोणाचें लेंकरूं लिहिलेलें असेल तर त्याच्या दानानें मंदिराचें छप्पर घालण्यापूर्वीं तें नांव खोडलें गेलें पाहिजे. वर्गणी त्यानंतर घेऊं.

आणि एक सावधगिरीचा शब्द. हें काम मंडळीची संख्या वाढविण्यासाठीं करूं नका. शाळा हा गळ नव्हे आणि मूल हा मासा नव्हे. प्रभूनें मुलांस कवेंत घेतलें, त्यांस आशीर्वाद दिला, आणि त्यांच्या आईबापांबरोबर जाऊं दिलें; त्यांच्याजवळून त्यानें कांहीं मागितलें असें मार्क लिहीत नाहीं. कातकरी आईनें आपलें मूल शाळेंत पाठविलें व आपल्या देवाचें नांव घेतलें तरी आपलें काम पुरें झालें असें समजावें.

ती मुलगी आतां मोठी झाली असेल. कदाचित् एखाद्या भट्टीवर तीच गाऱ्याचे गोळे करीत असेल, आणि तिचें तान्हें दुसऱ्या एखाद्या मुलीच्या कडेवर असेल. तिला आम्हांस भेटतां येणार नाहीं. पण यंदाच्या भट्ट्या पेटल्या आहेत, आणि येत्या आदितवारीं कोणत्या तरी मंदिराच्या दाराशीं कोणी तरी येऊन उभें राहील. तें आपलेंच दार असेल असें समजून आंतून एकानें उठावें.

प्रार्थना करूं या. हे कृपाळू बापा, तुझ्या पुत्राच्या रागापुढें आम्ही आज उभे आहों. आमचीं चांगलीं कारणें तूं जाणतोस. तीं आम्हांपासून काढून घे. ज्यांचीं नांवें आम्हीं विचारिलीं नाहींत तीं तुला ठाऊक आहेत. त्यांस राख. आम्हांस दारांतून बाजूला कर, आणि आमच्या हातीं पाण्याचा घडा दे. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.